मुकी कॉमेंट्री

मला सॉकर मिळाला तो कोणालाच नको होता म्हणून.

अमेरिकेतल्या एका खेळांच्या वेबसाइटला सामन्यांचं लेखी वर्णन करणारी माणसं हवी होती. सामना पाहायचा आणि काय घडतंय ते एक-दोन वाक्यांत लगेच टाइप करायचं, एवढंच काम. बास्केटबॉल, बेसबॉल आणि हेल्मेट घालून खेळतात तो त्यांचा फुटबॉल तिथल्या लोकांनी आपसांत वाटून घेतला. उरलेला खेळ भारतात आला. भारतात म्हणजे भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावात, घराच्या मागच्या खोलीत, जिथे धानाची पोती आणि इन्व्हर्टर असतो.

जाहिरातीत 'फोनवर बोलण्याची गरज नाही' असं एक वाक्य होतं. पगार किती ते मी त्यानंतर वाचलं.

तिकडची शनिवारची संध्याकाळ म्हणजे आमची रविवारची सकाळ. आई अंगणात सडा टाकत असायची तेव्हा तिकडे हजारो लोक छातीवर हात ठेवून राष्ट्रगीत म्हणत असायचे. सुरुवातीला हजारो नसायचे. कॅमेरा जरा बाजूला गेला की रिकाम्या खुर्च्या दिसायच्या.

वाचकही थोडे होते आणि त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं. मलाही नव्हतं, त्यामुळे आमचं जमलं. घड्याळ उलटं जायच्या ऐवजी सुलटं का जातं, असं एकाने विचारलं. सामना कधी संपणार हे नक्की कोणाला माहीत असतं, असं दुसऱ्याने. बरोबरीत सुटल्यावर लोक खरंच घरी जातात का, असंही. मी रात्री वाचून ठेवलेलं सकाळी अधिकाराने सांगायची. मी बाई आहे, भारतातली आहे, हे वेबसाइटवर कुठेच नव्हतं. एक वाचक मला 'बडी' म्हणायचा. मी हरकत घेतली नाही.

मग हळूहळू खुर्च्या भरत गेल्या. परदेशातले मोठे खेळाडू तिकडे जाऊ लागले, वर्ल्डकप येणार म्हणून बातम्या वाढल्या, टीव्हीवर सामन्याआधी तासभर चर्चा करणारी टाय घातलेली माणसं दिसू लागली. आमच्या वेबसाइटने सॉकरला बेसबॉलच्या वर नेऊन ठेवलं. वाचक आता मला प्रश्न विचारायचे सोडून माझ्या चुका काढायला लागले.

बाबांना हे सगळं माझ्याआधी कळलं होतं. बाबा शेती करतात आणि हिवाळ्यात आमच्या भागात शंकरपट भरतात तेव्हा माइकवर असतात. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दिवसभर ते मंडपातून जोड्यांचं वर्णन करतात आणि संध्याकाळी शाल-श्रीफळ घेऊन, घसा बसलेला असा, घरी येतात. रविवारी सकाळी ते चहा घेऊन माझ्या मागे पोत्यावर बसायचे. इंग्रजी त्यांना फारसं येत नाही. एकदा स्क्रीनवर कॉर्नर किक आली आणि तिच्याखाली एका पिझ्झावाल्याची पट्टी आली.

"हे काय होय?"

"ही कॉर्नर किक त्या कंपनीतर्फे आहे," मी म्हटलं.

"म्हणजे देणगीदार." बाबा पुढे सरकले. "आपल्या पटात नाही का, ही फेरी अमुक हार्डवेअरतर्फे म्हणून? आता चालला बघ हा खेळ. देणगीदार कोपऱ्यापर्यंत पोचला म्हणजे झालं."

माझ्या कामाला ते मुकी कॉमेंट्री म्हणत. आईचं मत वेगळं होतं. "एक दिवसभर बोंबलते, एक तोंड उघडत नाही," ती म्हणायची. "दोघाचं मिळून घरात एक साधं माणूस झालं असतं."

धानाची रोवणी आटोपली त्या सुमाराला वेबसाइटच्या वरिष्ठ बाईंचा ईमेल आला. त्या तिकडे बसतात, दर ओळीनंतर उद्गारचिन्ह देतात. सॉकर आता इतका वाचला जातो की वाचण्यावर भागणार नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. लोकांना गाडी चालवताना, भांडी घासताना ऐकायचं आहे. त्यामुळे लेखी वर्णन बंद होऊन बोलकं सुरू होणार. मला खेळ चांगला कळतो, म्हणून आधी मला विचारत होत्या. एक अर्धा सामना रेकॉर्ड करून पाठवायचा. नाही जमलं तर हंगाम संपेपर्यंत लिहायचं आणि मग थांबायचं.

थांबले तर माझ्या जुन्या शाळेत शिक्षिकेची जागा होती. तिथे पन्नास मुलांसमोर बोलायचं होतं. म्हणजे खेळ वाढल्यामुळे माझ्यापुढे दोन मार्ग उरले होते आणि दोन्हींत तोंड उघडावं लागणार होतं.

लाजाळूपणाचं मी सगळ्यांना सांगत होते, पण खरी अडचण ती नव्हती. माझं इंग्रजी केरळहून आलेल्या सिस्टरांनी शिकवलं आणि ते तुमसरच्या मुलींमध्ये वाढलं. लिहिलेलं असतं तेव्हा त्यातलं काही दिसत नाही. लिहिताना मी कुठलीच नसते. बोलले की पहिल्याच वाक्याला मी कुठली ते कळतं, आणि मग लोक खेळ ऐकत नाहीत, मला ऐकतात. कॉलेजात नागपूरला हे एकदा वर्गासमोर झालं होतं. तेव्हापासून मी लिहिते.

आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसे तेवढेच देऊन राहिले का जास्त?"

"जास्त."

"मंग लाजाचे वेगळे धरले का त्याइनं?"

बाबांना मात्र हर्ष झाला होता. त्यांनी मला शिकवायला घेतलं. आवाज पोटातून काढायचा. सुरुवातीला आयोजकांना आणि सरपंचांना नमस्कार करायचा. तिकडे सरपंच नसतात म्हटल्यावर म्हणाले, "मैदान कोणाच्या तरी हद्दीत असनच ना." गोल झाला की माइक तोंडापासून लांब न्यायचा, नाहीतर फाटतो. मी हे ऐकून घेतलं आणि यातलं काही करायचं नाही असं ठरवलं. एक मात्र मी विचारलं.

"बाबा, काहीच होत नसते तेव्हा काय बोलता तुमी?"

"जोडी आडते तेव्हा?" ते लगेच म्हणाले. "जोडी आडली का लोक चहाले उठते. तेवढा वेळ जोडी कोठची हाये ते सांगत राहाचं. गाव कोणतं, मालक कोण, बैल कोणाच्या बाजारातून आणला. आपल्या गावचं नाव येईन म्हणून माणूस बसून राहाते."

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी दोघांनाही घराबाहेर काढलं. आई शेजारी गेली. बाबा पाराकडे जातो म्हणाले आणि अंगणातच बसले, हे मला त्यांच्या खोकल्यावरून कळत होतं.

पहिली काही मिनिटं मी जे बोलले ते बोलणं नव्हतं, टाइप केलेलं वाचल्यासारखं होतं. चेंडू डावीकडे. चेंडू उजवीकडे. थ्रो-इन. मग पाहुण्या संघाने गोल मारला आणि रेफरीने कानाला बोट लावलं. व्हिडिओ तपासणी. टाइप करताना अशा वेळी मी 'तपासणी सुरू' एवढं लिहून चहा प्यायची. आता तपासणी सुरू आहे हे मी बोलले, पुन्हा एकदा बोलले, आणि पुढे काहीच नव्हतं. मैदानात सगळे कमरेवर हात ठेवून उभे. मी आवंढा गिळल्याचा आवाजसुद्धा रेकॉर्ड झाला.

मग मी गोलकीपर कुठला आहे ते सांगितलं. पेरूमधल्या एका डोंगरातल्या गावचा, तिथलं मैदान उतारावर आहे. लेफ्ट बॅक घानाचा, मासेमारीच्या गावातला. ज्याने गोल मारला तो टेक्सासचा, त्याच्या वडिलांचं टायरचं दुकान आहे. ही माहिती माझ्याजवळ कधीपासून पडून होती, कोणी विचारली नव्हती. मी एकेक माणूस घेत गेले. रेफरीने गोल रद्द केला तेव्हा मी अजून मिडफिल्डमध्येच होते, आणि मला जरा वाईट वाटलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. छान! निवड झाली! खाली एक ओळ होती: उच्चारांची काळजी करू नको, आमच्याकडे सॉफ्टवेअर आहे, ते आवाज अमेरिकन करून देतं. नमुना जोडला होता.

मी तो जेवताना घरात लावला. एक अमेरिकन बाई माझी वाक्यं बोलत होती. स्वच्छ, गोड, कुठेही न अडखळता.

"कोण वं ही?" आईने विचारलं.

"मीच होय."

"चांगली बोलून तर राहिली."

बाबा बराच वेळ ऐकत होते. "हिचं गाव कोणतं?"

"कोणतंच नाही."

"मंग हिले मंडपात कोण बसवन?" म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मला जे हवं होतं ते नेमकं हेच होतं. नोकरी राहणार, पगार वाढणार आणि मी कुठलीच नसणार, तेही आता आवाजात. मी नमुना मागच्या खोलीत नेऊन पुन्हा ऐकला. मग फक्त व्हिडिओ तपासणीचा भाग ऐकला. जिथे मी गिळले होते तिथे ती गिळली नव्हती. सॉफ्टवेअरने ती जागा पुसून गुळगुळीत केली होती. पेरूचं गाव तिने असं सांगितलं की जणू ते तिला कधीपासूनच सांगायचं होतं. ती घाबरलेली नव्हती. मी एवढं घाबरून जे केलं ते तिने न घाबरता उचललं होतं, आणि मला तिचा राग आला. मला सहसा राग येत नाही, आला तरी मी तो लिहून पाठवत नाही.

या वेळी पाठवला. अर्थात सभ्य शब्दांत. सॉफ्टवेअर नको, माझा आवाज चालत नसेल तर हंगाम संपेपर्यंत मी लेखी काम करेन. हे एवढं लिहायला सकाळ गेली. पाठवल्यावर मी जुन्या शाळेच्या बाईंचा नंबर शोधून ठेवला.

उत्तर लगेच आलं. हरकत नाही! तुला सोपं जाईल ते कर!

त्यांच्यासाठी ते सॉफ्टवेअर म्हणजे बंद करायचं एक बटण होतं.

पहिल्या थेट सामन्याला मी शाल गुंडाळून बसले, थंडी नसताना. बाबांनी फोनवर वेबसाइट लावून घेतली होती आणि ओसरीवर माझा आवाज माझ्या मागून काही क्षणांनी येत होता, म्हणून मी दार लावलं. बोलताना मी प्रतिक्रियांकडे पाहिलं नाही. घरच्या संघाला पेनल्टी मिळायला हवी होती, रेफरीने दिली नाही, तेवढं मी सांगितलं आणि मध्यंतर झालं.

मग पाहिलं. एकाने मागे कोंबडा आहे का असं विचारलं होतं. एकाने ही बाई कुठली आहे असं विचारलं होतं आणि दुसऱ्याने त्याला ठामपणे वेल्स असं उत्तर दिलं होतं. बाकीच्या सगळ्या पानांवर, खालपर्यंत, लोक रेफरीला शिव्या देत होते.

मी त्याखाली 'वेल्स नाही, भंडारा' असं लिहिलं. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. वर आणखी शिव्या आल्या आणि ती ओळ खाली गेली. मी पाणी प्यायले आणि दुसऱ्या हाफला बसले.