गोळ्या दिल्या होत्या

सुकापुरात आमच्या विकलेल्या शेतावर बिल्डिंगी उठत होत्या आणि माझा नवरा त्याच बिल्डरकडे साइटवर देखरेखीला लागला होता. पायाच्या खड्ड्यांत महिनोनमहिने पाणी साचलेलं असे. मलेरिया घरोघरी होता. त्यालाही झाला तेव्हा कुणी विशेष घाबरलं नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासून क्लोरोक्विन दिलं. गोळ्या मी स्वतः त्याच्या तळहातावर ठेवायचे आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहायचे. एकदा उलटी झाली, तर डॉक्टरांना विचारून पुन्हा दिल्या. ताप उतरला. तो कामावरही जाऊन आला. मग पुन्हा थंडी भरली, आणि या वेळी तो असंबद्ध बोलायला लागला.

दुसरा रिपोर्ट बघून डॉक्टर सासूसमोरच मला म्हणाले, "कोर्स पूर्ण केला नाहीत. जरा बरं वाटलं की गोळ्या बंद करता तुम्ही लोक."

"सगळ्या दिल्या मी."

"मग जंतू परत कुठून आले?"

त्याला पनवेलला मोठ्या हॉस्पिटलात नेलं, सलाइनमधून दुसरं औषध चालू केलं, पण ताप मेंदूत गेला होता. तो शुद्धीवर आलाच नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सासू सांगायची, "डाक्टर बोलला, गोल्या पुऱ्या नाय दिल्या हिनं." सुरुवातीला मी मध्ये बोलायचे. नंतर बोलणं सोडलं आणि गव्हाणला माहेरी निघून आले.

काही वर्षांनी गव्हाणला मलेरियाचा अभ्यास करणारी एक बाई आली. ती माझ्या बोटातून रक्ताचा थेंब घेत असताना मी तिला विचारलं, पूर्ण गोळ्या घेऊनही जंतू उरतात का?

"क्लोरोक्विनला उरतात," ती म्हणाली. "त्या जंतूच्या जनुकात बदल झालाय. औषध आत शिरलं की तो ते बाहेर टाकतो. म्हणून तर आता फाल्सिपेरमला, म्हणजे मेंदूत जाणाऱ्या मलेरियाला, दुसरं औषध देतात."

"हे तेव्हाही माहीत होतं?"

तिने खाली बघून काचपट्टी पुसली. "अभ्यास करणाऱ्यांना होतं. दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ लागला."

दुसऱ्या दिवशी मी सुकापूरला गेले. सासूला सगळं सांगितलं, सोपं करून, दोनदा. तिने ऐकून घेतलं.

"आता ता सांगून काय व्हनार हाय? मानूस गेला."

"तुम्ही गावभर सांगितलंत ते?"

ती चहा टाकायला उठली. मी तो न पिताच निघाले. डॉक्टरांकडेही जायचं मनात होतं. दवाखान्याबाहेर पेशंट रांगेत बसले होते. माझा नंबर आल्यावर ते पुन्हा कोर्स का पूर्ण केला नाही हेच विचारतील असं वाटलं, आणि मी परतीची रिक्षा धरली.