ड्रोन उतरवायची जागा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. आणि चहाचा कप खाली ठेवा. मागे हाच किस्सा ऐकताना माझ्या मावसबहिणीच्या नाकातून चहा आला होता!

तर बाप्पा, मी ड्रोन उडवते. हो, मीच! आमच्या बचत गटाला धानावर औषध फवारायचा ड्रोन मिळाला आणि तो चालवायला शिकण्यासाठी आमच्या करडी गावाहून मला नागपूरला पाठवलं. मलाच का? कारण गटाच्या मिटिंगमध्ये ‘कोण जाते?’ असं विचारलं तेव्हा माझा हात वर होता. मी पदर सावरत होते हो! पण तोवर टाळ्या वाजून गेल्या होत्या.

नागपूरला आमचे सर एकच गोष्ट रोज घोकवून घ्यायचे. ‘‘ताई, ड्रोन आपोआप उडतो, आपोआप फवारतो, आपोआप परत येतो. तुमचं काम एवढंच, की उडायची आणि उतरायची जागा आधी नीट ठरवा. सपाट पाहिजे, कोरडी पाहिजे, वर तारा नको, जवळ माणूस नको.’’

तिथं काय, सिमेंटचं मोठं मैदान होतं. मी मान हलवायची. मान हलवायला काय जातंय?

आता मला सांगा, ऐन भादव्यात करडीच्या शेतात सपाट आणि कोरडी जागा कुठून आणायची? जिकडे बघावं तिकडे बांधी, म्हणजे पाणी भरलेले धानाचे तुकडे. दोन बांध्यांच्या मधला धुरा, म्हणजे बांध, इतका अरुंद, की त्यावरून बेडूकसुद्धा सांभाळून जातो.

पहिलं उड्डाण आमच्या गटाच्या अध्यक्ष शेवंताबाईंच्या शेतात ठरलं. त्यांच्या धानावर तुडतुडा पडला होता. गटातल्या सगळ्या बाया बघायला आलेल्या. त्यातल्या अर्ध्या जणींना हा ड्रोन नकोच होता. ‘‘मशीन फुटली तं आपल्या नशिबी पाठीवरचा पंपच हाय,’’ असं त्या उघड म्हणत होत्या. ड्रोन माझा एकटीचा नव्हता हो, त्या सगळ्यांचा होता. पहिल्याच दिवशी माझ्या हातून तो मोडला असता, तर त्यांनी तो पुन्हा उडू दिला नसता आणि मला पुन्हा तोंड दाखवायला जागा उरली नसती. खोटं कशाला बोलू, मला फार भीती वाटत होती.

पांदणीवर, म्हणजे शेतात जायच्या गाडीरस्त्यावर, आमच्या ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. सपाट! कोरडी! मी ड्रोन उचलून ट्रॉलीत ठेवला आणि मला वाटलं, हे बघायला सर इथं पाहिजे होते.

तेवढ्यात भासरे आले. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्यात भासरे आणि भावसून एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मध्ये सासूबाई लागतात, टपालासारख्या.

‘‘माय, तिले सांग, मले ट्रॉली न्या लागते. शेणखत भरायचं हाय.’’

‘‘आत्या, त्यायले सांगा, ड्रोन उडाला का घेऊन जा म्हणा,’’ मी म्हणाले.

सासूबाईंनी दोघांकडे बघितलं. ‘‘दोघंबी एका हाताच्या अंतरावर उभे हा, मले काहून बोलाले लावता?’’

पण आता पंचाईत! ट्रॉली गेली तर ड्रोन परत कुठं उतरणार? थेट चिखलात? मी रिमोट चाळला. त्यात विचारलं होतं, काम झाल्यावर परत कुठं यायचं? दोन पर्याय होते. एक, जिथून उडालो तिथं. दुसरा, रिमोट असेल तिथं.

मी दुसरा दाबला. किती हुशारी! ट्रॉली जाईना का कुठंही! रिमोट माझ्या हातात, मी कोरड्या जागी उभी राहीन, ड्रोन येऊन उतरेल. आता तो माझ्यासमोर उतरेल की माझ्या डोक्यावर, हा प्रश्न मला पडलाच नाही.

उडाला बाप्पा! भुर्रर्र करून उडाला. नांगर चालवल्यासारखा इकडून तिकडे, तिकडून इकडे फवारत गेला. ट्रॉली गेली. बायांनी तोंडात बोटं घातली.

‘‘वनिता, हे आपल्या मनानंच जाऊन राहिलं का वो?’’ शेवंताबाईंनी विचारलं.

‘‘आपल्या मनानं जाते अन् आपल्या मनानंच परत येते,’’ मी कंबरेवर हात ठेवून सांगितलं. ‘‘हात लावायचं काम नाही!’’

भीती गेली की माणसाची अक्कल पण सोबत जाते, असं माझं मत आहे. मी बोलत सुटले. नागपूर कसं, मैदान कसं, सर कसे. औषध कधीच संपून गेलं होतं याचा पत्ता नाही! ड्रोन मध्येच थांबला. जरा वर गेला. वळला. आणि त्यानं माझ्याकडे बघितलं.

त्याला डोळे नाहीत, मला माहीत आहे. तरी सांगते, बघितलं!

तो सरळ आमच्याकडे यायला लागला. माझ्या आजूबाजूला दहाबारा बाया, त्याची ती गरगर फिरणारी पाती. एखादीच्या हाताला, डोक्याला लागलं तर? ‘‘व्हा बाजूले!’’ म्हणून मी ओरडले आणि त्यांच्यापासून लांब म्हणून स्वतःच पांदणीनं धावत सुटले. ड्रोन बायांकडे गेलाच नाही. तो वळून माझ्या मागे आला.

मी डावीकडे, तो डावीकडे. मी उजवीकडे, तो उजवीकडे. पळसाच्या झाडाखाली लपले, तर वर येऊन घोंगावत उभा! मशीन बिघडलं, पिसाळलं, आता हे मला कापून काढणार, एवढंच सुचत होतं. रिमोटवर घराचं चित्र असलेलं एक बटण असतं, ते मी दणादण दाबलं. जा रे बाबा, घरी जा! पण त्याचं घर तर माझ्या हातात होतं ना! तो आणखीनच जोरात आला.

आता त्याच वेळी पलीकडच्या बांधीत बाया निंदण करत होत्या. त्यांना ड्रोनबिन काही माहीत नव्हतं. त्यांना काय दिसलं? पदर डोक्यावर ओढून, किंचाळत धावणारी एक बाई. आणि ऐकू काय आलं? घूंऽऽऽ!

आमच्याकडे जंगल जवळ. याचा अर्थ लहान लेकराला पण कळतो.

‘‘आग्या माशा! मोहोळ उठलं! झोपा वो माय, झोपा!’’

झालं! ती अख्खी रांग चिखलात पालथी पडली. ते बघून आमच्या गटाच्या बायाही पटापट आडव्या झाल्या. मघाशी ज्यांनी ड्रोन डोळ्यांनी बघितला होता, त्याही! शेवंताबाई तर नव्या लुगड्यानिशी धानात गेल्या आणि तिथून ओरडल्या,

‘‘वनिता, पळू नोको! लोळ! माशा पळणाऱ्याच्याच मागं लागतात!’’

‘‘माशा नाही वो, ड्रोन हाय!’’ मी ओरडत होते. पण तोंड चिखलात असलेल्या माणसाला काय ऐकू येणार?

पांदणीच्या टोकाला भासऱ्यांनी शेणखत सोडून ओल्या तणसाला, म्हणजे धानाच्या पेंढ्याला, आग लावली. धूर केला की माशा जातात ना! वारा नेमका माझ्याकडे. आता पुढचं काही दिसेना, ड्रोनही दिसेना. फक्त आवाज! दिसणाऱ्या संकटापेक्षा नुसता आवाज फार वाईट असतो हो. तो कुठून येईल, किती खाली आला असेल, काही कळेना. मी चक्क माझ्या लेकीचं नाव घेऊन रडायला लागले.

‘‘वनिता, खाली बस!’’ धुरातून हाक आली. भासरे! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले, तेही माझ्या शेवटच्या घटकेला.

मी खाली बसले. तेवढ्यात धुरातून सासूबाई आल्या. त्या वयात इतक्या जोरात धावताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या हातात खताचं रिकामं मोठं पोतं. त्यांनी ते धाडकन माझ्या अंगावर टाकलं आणि ओरडल्या, ‘‘हालू नोको, माय! माशा जाईपर्यंत अंदरच राह्य!’’

त्यांची माया मी जन्मात विसरणार नाही. पण मला सांगा, मांडीवर रिमोट घेऊन मी एका जागी न हलता बसले, म्हणजे काय झालं?

आवाज बरोबर माझ्या डोक्यावर आला आणि खाली यायला लागला.

पोतं फडफडायला लागलं. पात्यांचा वारा मानेवर लागला. मी मेले, असं मला स्पष्ट वाटलं. आणि मग कुठून ताकद आली देव जाणे, मी ‘माय वो!’ करून पोत्याबाहेर आडवी झाले आणि लोळत, लोळत, लोळत थेट बांधीच्या पाण्यात गेले. रिमोट पोत्याखालीच राहिला.

ड्रोन खाली आला. अलगद. पोत्यावर चार पाय टेकले. पंखे थांबले. साधा ओरखडाही नाही.

सगळं शांत झालं. धानातून एकेक चिखलाचं तोंड वर यायला लागलं. सासूबाई ड्रोनकडे बघत म्हणाल्या, ‘‘अन् मोहोळ कुठं हाय?’’

मी तशीच पाण्यातून उठले आणि सासूबाईंच्या कोरड्या फोनवरून सरांना फोन लावला. माझ्या ओल्या बोटानं स्पीकर चालू झाला, ते मला कळलंच नाही. रडत रडत सगळं सांगितलं. ‘‘सर, तुमचं मशीन बिघडलं! माणसाच्या मागं लागून राहिलं!’’

सरांनी विचारलं, ‘‘परत येण्याची जागा कोणती ठेवली होती, ताई?’’

मी सांगितलं.

सर हळूच म्हणाले, ‘‘ताई, ड्रोनचं काही चुकलं नाही. तो बिचारा उतरायलाच बघत होता. पण उतरायची जागाच पळत सुटली, तर तो काय करेल?’’

चिखलात बसलेल्या साऱ्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मी खाली मान घातली. आणि सासूबाई माझ्या हातातल्या फोनजवळ तोंड नेऊन सरांना म्हणाल्या, ‘‘लगन झाल्यापासून मी हेच सांगून राहिली, गुरुजी. इचा पाय एका जागी ठरतच नाही!’’