पत्रिकेतला मुहूर्त आणि हळदीचे फोटो

माझ्या पुतणीच्या लग्नाचे सगळे फोटो एकाच मंगळवारी काढलेले आहेत, तेही लग्नानंतर दोन महिन्यांनी. हळद, वरात, सप्तपदी, पाठवणी, सगळं त्या मंगळवारी दुपारी उरकलेलं. ही करामत माझ्या दादाची. त्यानं पाहुण्यांच्या मोबाईलमधले आणि फोटोग्राफरकडचे फोटो पेन ड्राइव्हवर घेतले, तिथून कॉम्प्युटरवर टाकले, आणि या ओढाताणीत प्रत्येक फोटोला कॉपी केल्याची तारीख चिकटली. मी बोंब मारली तर म्हणतो, "फोटो आहेत ना सगळे? तारखांचं काय लोणचं घालायचंय?"

मला घालायचं होतं लोणचं. कारण आमची ताई.

ताई आम्हा भावंडांत थोरली. तिचे यजमान गेल्यापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कतारगामला एकटी राहते. पुतणी लहान होती तेव्हा वहिनी शाळेत शिकवायला जायची आणि पोर दिवसभर ताईकडे असायची. तिच्या वेण्या ताईनं घातल्या, गोवरात उशाशी ताई बसली. त्या पोरीच्या हळदीच्या एकाही फोटोत ताई नाही. कुणी विचारलं की वहिनीचं उत्तर तयार, "अहो, ताईच उशिरा आल्या. कतारगामहून यायचं म्हणजे ट्रॅफिक. नाहीतर पहिली हळद त्यांनाच लावायला दिली असती!" हे तिनं इतक्यांना सांगितलं की पुतणीच्या सासरीसुद्धा आत्या म्हणजे हळदीला उशिरा येणारी बाई, अशीच ओळख झाली.

उशिरा? ताई? जी गावी जायच्या गाडीच्या आधी तासभर स्टेशनवर जाऊन बसते आणि आम्हालाही बसवते, ती?

मी स्वतः हळदीच्या संध्याकाळी हॉलवर नव्हतो. नंदुरबारकडच्या पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेलो होतो आणि आमच्या पाहुण्यांना एकाच दारातून बाहेर पडणं जमत नाही. ताईला विचारलं तर ती आमच्या अहिराणीत म्हणाली, "जाऊ दे ना भाऊ. कसाले उकरस?" माझ्या डोक्यात मात्र ते जात नव्हतं. आंघोळ करतानासुद्धा मी वहिनीशी भांडायचो आणि दर वेळी जिंकायचो.

म्हणून पुतणीच्या दिवाळसणाला द्यायचा अल्बम मी करतो म्हणून सांगितलं. पांडेसऱ्यात एका डाईंग मिलच्या ऑफिसात मी डिस्पॅच बघतो. माझ्या हातून सुटलेला माल कधी चुकीच्या गाडीत चढत नाही, असं मी घरी सांगतो. मिलमध्ये असं कुणी म्हणत नाही.

काम तसं सोपं निघालं. फोटो काढल्याची खरी वेळ फोटोच्या पोटात वेगळी लिहिलेली असते. कॉपी करून बदलते ती फक्त वरची तारीख. एक प्रोग्राम मिळाला. तो प्रत्येक फोटोच्या पोटातली वेळ काढून बाहेर लावतो, आणि सगळ्या फोटोंना एका झटक्यात. मोबाईलचे फोटो दोन मिनिटांत आपापल्या जागी जाऊन बसले. नडला तो फोटोग्राफरचा मोठा कॅमेरा, आणि हळदीचे सगळे फोटो नेमके त्याच्यातच. त्याचं घड्याळच चुकीचं लावलेलं होतं. त्याच्या हिशोबानं आमच्याकडे हळद सकाळी दूधवाला येतो त्या वेळी लागली आणि अक्षता दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे पडल्या.

यालाही उपाय होता. एका फोटोची खरी वेळ सांगा, बाकीचे सगळे प्रोग्राम तेवढेच सरकवतो. खरी वेळ कुठून आणायची? मी कपाटातून लग्नपत्रिका काढली. शुभमुहूर्त दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटं! अक्षतांचा फोटो शोधला, त्याला बारा पस्तीस दिले आणि बटण दाबलं. मी स्वतःवर इतका खूश झालो की फोटो नीट न बघताच रविवारी दुपारी सगळ्यांना दादाच्या घरी जमवलं. दादा, वहिनी, माझी बायको, माहेरी आलेली पुतणी. ताईला तर मी जाऊन घेऊनच आलो. म्हटलं, आज निकाल.

टीव्हीवर फोटो सुरू झाले. मांडव झाला, हळद झाली, पिवळ्या गालांच्या बायका हसून झाल्या. मग आला माझ्या बायकोनं मोबाईलवर काढलेला रुखवताचा फोटो. मागे स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी. म्हणजे हळद आटोपल्यावर!

"बघा," वहिनी म्हणाली. "मी काय वेगळं सांगत होते? आता तर भाऊजींच्या मशीननंच सांगितलं."

दादा हसला. ताईनं पदर सारखा केला आणि जमिनीकडे बघू लागली. मी उभा राहिलो होतो, का ते मलाही माहीत नव्हतं. तिची बाजू लढवायला तिला घरातून उठवून आणली आणि चारचौघांत मीच तिच्यावर शिक्का मारला. माझाच मला एवढा राग आला की रिमोट भिंतीवर आपटावासा वाटला. दादाचा होता म्हणून राहिलं.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही अक्षतांना वेळ कुठली दिली?"

"पत्रिकेतली. मुहूर्ताची."

"मुहूर्तावर लग्न लागलं होतं?" ती कपाळाला हात लावून म्हणाली. "वरात पेट्रोलपंपापाशी गरबा खेळत होती! नवरा मुलगा घोड्यावरून उतरून फेर धरत होता. लोक जेवून पान खाऊन बसले, तरी अक्षता हातातच. भटजींवर ओरडत कोण होतं? तुम्हीच ना?"

मीच होतो. आमच्या अख्ख्या खानदानात आजवर एक लग्न मुहूर्तावर लागलेलं नाही, आणि मी पत्रिकेवर विश्वास ठेवला होता.

बायकोच्या मोबाईलमध्ये त्याच अक्षतांचा फोटो होता. तोच क्षण, दादाचा तोच वर उचललेला हात. मोबाईलची वेळ बरोबर होती: तीन वाजायला आलेले. मी तिथंच, सगळ्यांसमोर, कॅमेऱ्याचे फोटो पुन्हा सरकवले. मुहूर्त आणि अक्षता यांच्यात जेवढी वरात नाचली होती, तेवढी हळदही पुढे गेली.

फोटो पुन्हा सुरू झाले. मांडव. मग रुखवत, आणि मागे दारात ताई. तिच्या हातात वाटी, बोटं पिवळी. बाकी कुणाच्याही अंगाला अजून हळदीचा थेंब नाही.

"आत्या," पुतणी म्हणाली, "तू आधीच आली होतीस?"

"मशीनचं काय," दादा म्हणाला, "एकदा हे सांगतं, एकदा ते."

"हो ना," वहिनी म्हणाली. "आणि माझ्या मावशीच म्हणाल्या की शुभकार्य आहे, सवाष्णींनीच..." पुढचं वाक्य तिनं गिळलं. पण जेवढं बाहेर पडलं तेवढं पुरे होतं.

मी तोंड उघडणार, तोच ताई बोलली. माझ्याशी ती अहिराणीतच बोलते. आता मात्र एकेक शब्द वहिनीच्या मराठीत, सावकाश.

"मला उशीर झाला नव्हता. हळद मी कालवली. लावायची वेळ आली तेव्हा मला म्हणाले, तुम्ही आतच थांबा. मी थांबले. उशिरा आले असं का सांगितलंत? थांबवलं म्हणून सांगायचं."

"तुम्हाला लोकांनी काही बोलू नये म्हणूनच..." वहिनी म्हणाली.

"मला कोण बोललं असतं?"

वहिनी आत गेली आणि चहा घेऊन आली. ताईनं कप हातात घेतला नाही. "राहू द्या," म्हणाली आणि चपला घालू लागली. पुतणीनं ताईची पिशवी उचलली, रिक्षा बोलावली आणि तिच्याबरोबर कतारगामला गेली.

टीव्हीवर वरात नाचत होती.

"झालं समाधान?" दादा मला म्हणाला.

नाही झालं. समाधान व्हायला मी काय जिंकलो होतो? घरच्यांनी तिला दारात उभी केली ते केलंच, वर न झालेला उशीर तिच्याच नावावर टाकला. अल्बममध्ये रुखवताचा तो फोटो मी पूर्ण पानभर, हळदीच्या आधी लावला आहे. दादाचा निरोप आलाय, जरा लहान कर. करणार नाही.