दार उघडं, पडदा ओढलेला

आमच्या घराण्याची कीर्ती त्रिभुवनात पसरावी म्हणून मी कुटुंबाचा ब्लॉग काढला. पहिल्याच लेखात लेकीचा गणवेशातला फोटो, शाळेचं नाव, बसथांबा, वेळ, सगळं झोकात लिहिलं.

बायकोनं वाचलं. “अहो, उद्या थांब्यावर कुणा परक्यानं पोरीला नावानं हाक मारली तर?”

मी घाईघाईनं लेख पुन्हा उघडला.

तेवढ्यात तिन्हीसांज झाली. लक्ष्मी यावी म्हणून बायकोनं दार सताड उघडलं आणि पडदा ओढून घेतला. उदबत्तीचा वास थेट हिमालयापर्यंत गेला असेल, पण घरातलं कुणी दिसत नव्हतं. लिहिणंही असंच असावं.

मी फोटो, शाळा, थांबा, वेळ, सगळं पुसलं. लेखात उरलं लेकीचं एकच वाक्य: ‘बाबा बसपेक्षा मोठ्यांदा घोरतात.’ तेही पुसायला गेलो.

“राहू द्या,” बायको म्हणाली, “ते अख्ख्या गल्लीला ठाऊकच आहे.”