सुदामजींनी न केलेली सही

खड्ड्यातली माती सुदामजी आधी चिमटीत चुरडायचे, मग जिभेवर ठेवायचे आणि मग साहेबाकडे बघत थुंकायचे. साहेबाला वाटायचं, हा आपल्यावरच थुंकला. फारसं चुकीचं नसे ते.

मी तेव्हा बांधकामावर ओव्हरसियर होतो. अकोल्याहून आम्हाला उत्तरेच्या डोंगरातल्या एका जुन्या दगडी किल्ल्याखाली विश्रामगृह बांधायला धाडलं. कुणी बडे पाहुणे यायचे होते, म्हणून घाई. पण किल्ल्यालगत पाया खणण्याआधी चाचणीचे तीन खड्डे घ्यायचे, माणसाचा हात न लागलेल्या कोऱ्या मातीपर्यंत जायचं आणि जुनं काही निघतं का ते पाहायचं, असा नियम होता. सुदामजी त्या खड्ड्यांवरचे मुकादम. उभा जन्म खणण्यात गेलेला. छप्पन सालानंतर, दीक्षा घेतल्यावर, पन्नाशीत अक्षरं गिरवून ते वाचायला आणि सही करायला शिकले. हजेरीपटावर सही इतकी सावकाश करत, की मागची रांग खोळंबायची.

साहेब अमरावतीचे. डोक्यावर झकास हॅट. त्या डोक्यात खड्डा घेतला असता, तर बोटभर खालीच कोरी जमीन लागली असती. तिसऱ्या खड्ड्यात कमरेएवढ्यावर मुरूम लागला, तशी स्वारी खूश.

"झालं! मुरूम म्हणजे कोरी जमीन. खाली काही नाही. लिहा."

सुदामजींनी मुरूम जिभेला लावला. "साहेब, हा कोनीतरी आनून टाकेल मुरूम हाये. याच्यात राख हाये, खापराचा चुरा हाये. जमिनीनं मुरूम करतानी चूल पेटवली होती काय? खाली पान्याचं जुनं टाकं असंन. दोन हात अजून खंदू द्या."

"तू मला शिकवतोस?"

"तुमाले कोन शिकवते बाप्पा! माती सांगून राहिली, तेच सांगतो."

साहेबांनी माझ्याकडून पंचनामा लिहवून घेतला: कोऱ्या मातीपर्यंत खणले, काही आढळले नाही. मुरमातली राख मलाही दिसली होती, नखांत अडकली होती. पण माझी बढती त्याच साहेबाच्या हातात. केली सही झटक्यात, मोठी वळणदार.

मुकादमाचीही सही हवी होती. सुदामजींनी कागदावर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. साहेब घड्याळ बघत उभे. मग कागद परत आला. "नाई जमत."

"मग अंगठा लाव!"

"अंगठा होता तवा कशावरबी लावला. काय लिवलं होतं, कोनी सांगतलं नाई. आता वाचता येते मले. हे लबाड हाये."

त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं. पहार खांद्यावर टाकून निघताना ते माझ्यापाशी थांबले. चार शिव्या पडतील म्हणून मी मान खाली घातली. ते एवढंच म्हणाले, "बाबू, तुमाले तं लहानपनापासून लिवता येते ना?"

दुसऱ्याच पावसाळ्यात विश्रामगृहाचा व्हरांडा खचला. खाली बुजवलेलं टाकं निघालं, घडीव दगडाचं, पायऱ्यांसकट. साहेब तोवर बढतीवर गेलेले. आणि सुदामजी मूर्तिजापूरकडे आपल्या गावी वारलेले. चौकशीचा कागद माझ्याकडे आला. आता खरं लिहायला कुणाची भीती होती? कुणाचीच नाही.

कारण: अतिवृष्टी, असं मी लिहिलं आणि खाली सही केली. लहानपणापासून लिहिता येतं मला.