माळ्यावरची काठी

हेमंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरबाडच्या बाजारात सुकट निवडत होते. कल्याणच्या ज्या पूल पार्लरमध्ये तो मुलांना खेळ शिकवायचा, तिथल्या मालकांचा फोन. हेमंत टेबलाशी वाकला आणि तिथेच कोसळला, एवढंच ते सांगू शकले. मी ‘बरं’ म्हटलं, सुकट पिशवीत भरून घेतली आणि घरी आले. पाठचा भाऊ गेल्यावर माणूस सुकट घरी कशी आणतो, याचा राग मला अजून येतो...

पूल म्हणजे टेबलावरचे रंगीत बॉल लांब काठीने कडेच्या खिशांत घालायचा खेळ. शहापूरच्या बाजारात एका गाळ्यात असं टेबल आलं आणि आमचा हेमंत कॉलेजचा रस्ता विसरला. सापगावात आमची पिढीजात भातशेती. बाबांच्या लेखी हा ‘दिवसभर वाकून गोट्या ढकलण्याचा’ उद्योग. हेमंत राज्यात पहिला आला, दिल्ली-बंगळुरूला खेळून आला, तरी सोयरिकीची माणसं आली की बाबा सांगायचे, मुलगा कल्याणला कंपनीत आहे. हेमंत आतल्या खोलीत ते ऐकत बसायचा. त्याने जिंकून आणलेल्या पहिल्या कपात बाबा सुपारी ठेवू लागले, तेव्हा मी खूप हसले होते. तो हसला नाही.

मग भारताच्या संघासाठी निवड स्पर्धा ठरली, आणि तीही ऐन आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत. आवणीला घरचा मुलगा शेतात नाही, हे आमच्याकडे चालत नाही. हेमंत आला, काठीची पिशवी भिंतीला टेकवली आणि चिखलात उतरला. मीही माहेरी आले होते. आता, पावसाळ्यात लाकडाला भुंगा लागतो, म्हणून आमच्याकडे चांगला बांबू, नांगराचा सुटा दांडा, असं सगळं चुलीवर टांगलेल्या कामट्यांच्या माळ्यावर जातं. धुराने लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. स्पर्धेला निघायच्या सकाळी हेमंतची पिशवी रिकामी! तो घरभर शोधत सुटला. बाबा चहा पिता पिता म्हणाले, “वर ठेवलीय. ओल धरली असती, भुंगा लागला असता.”

हेमंतने काठी उतरवली आणि सवयीने ओटीच्या फरशीवर लोळवली. सरळ काठी गुपचूप लोळते. ही टक टक वाजत गेली. चुलीच्या धगीने वाकली होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने माझा हात दाबला. मग बाबांना म्हणाला, बरं केलंत, इथंच राहू द्या, माझ्याकडे दुसरी आहे. दुसरी नव्हती. गाडीपर्यंत मी त्याच्याशी भांडत गेले. तो शेवटी थांबला आणि म्हणाला, “ताय, कधी सांगू नको गो. माज्या खेळाच्या वस्तूला बाबांनी पैल्यांदा हात लावला.”

उसन्या काठीने खेळला आणि पहिल्याच फेरीत हरला. पुन्हा त्या पायरीपर्यंत तो कधी पोचला नाही. लहानसहान स्पर्धा, आणि मग दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणं. काठी धड असती तर जिंकला असता का, मला ठाऊक नाही. पण तो प्रश्न मी इतक्या वेळा गिळला आहे... घरी यायचा तेव्हा हेमंत चुलीकडे फिरकायचा नाही, ताट ओटीवर मागायचा. बाबाही त्याला कधी आत बोलवायचे नाहीत. मला वाटायचं, अजून पटत नाही दोघांचं.

हे लिहायचं ठरलं तेव्हा लक्षात आलं, छापून आल्यावर गावातलं कुणीतरी बाबांना वाचून दाखवणारच. त्याआधी माझ्या तोंडून कळावं म्हणून गेल्या रविवारी सापगावला गेले. चुलीपाशी बसून, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. बाबांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग वर हात दाखवून म्हणाले, उतरव.

काठी एका सरळ बांबूला काथ्याने जागोजागी आवळून बांधलेली होती. दोन्ही धुराने काळी पडलेली. वाकडा बांबू आमच्याकडे असाच शेकून, बांधून सरळ करतात.

“मला काय लाकूड कळत नाय?” बाबा म्हणाले. “तो खेळायला गेला त्याच दिवशी बघितलं. सरळ झाली का हातात देईन, तवाच बोलेन, असं ठरवलं व्हतं. होतच नाय गो...”

इतकी वर्षं ते ती सोडून बघत होते आणि पुन्हा बांधत होते. बाप मुलाला जपत होता, मुलगा बापाला, आणि त्यात हेमंतचं खेळायचं वय निघून गेलं. मला दोघांचाही राग आला. तो अजून गेलेला नाही.

बाबांनी काथ्या सोडला आणि काठी माझ्या हातात दिली. “लोळव,” म्हणाले. मी ती फरशीवर लोळवली. टक... टक... बाबांना आता कमी ऐकू येतं.

“वाजली?”

“थोडी,” मी म्हटलं.

त्यांनी बांबू जवळ ओढला आणि काठी पुन्हा बांधायला घेतली. काथ्याचं दुसरं टोक मी धरलं.