पोट्टा कोणाले सापडला

माझ्या विहिणीचे गुडघे दुखत नाहीत. इथूनच सुरुवात करते, म्हणजे पुढचं सगळं समजेल. बाई माझ्याच वयाची. स्पेनमध्ये समुद्राकाठच्या एका गावात राहते, सायकल मारत जाऊन माझ्या नातीला शाळेतून आणते. मी इकडे नागपूरला, नंदनवन कॉलनीत, दोन पायऱ्या उतरायच्या तर कठडा धरते. माझा मुलगा तिचा जावई, तिच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. एकदा फोनवर म्हणे, "आई, माही सासू भात काय मस्त बनवते वं!" माय वं, भात! हा पोट्टा माझ्या हातचा भात अर्धा ताटात टाकल्याशिवाय कधी उठला नाही.

तरी हे सगळं मी गिळलं. पण एका रविवारी सहा वर्षांच्या नातीनं व्हिडिओ कॉलवर मला गोष्ट सांगितली. तिला मराठी येतं ते 'आजी', 'पाणी' आणि 'नको' एवढंच, म्हणून मुलगा बाजूला बसून मराठीत सांगत होता. गोष्ट तिच्या तिकडच्या आजीनं सांगितलेली, तिच्या पप्पाच्या लहानपणाची. पप्पा हरवला. सगळ्यांनी शोधलं. पप्पाची आई घरात बसून रडत होती. मग पप्पाच्या बाबांना तो सापडला आणि त्यांनी त्याला खांद्यावर टाकून घरी आणलं.

"कोण रडत होतं?" मी विचारलं.

"तू," मुलगा हसून म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, पोट्टा सापडला मला! आम्ही तेव्हा खापरखेड्याला वीज केंद्राच्या कॉलनीत राहत होतो. उन्हाळ्याची दुपार, आणि हा गायब. सगळी कॉलनी केंद्राची राख सोडतात त्या राखेच्या तलावाकडे धावली, कारण सगळ्यांच्या मनात तेच आलं. मी एकटी उलट्या दिशेला, क्वार्टरच्या शेवटच्या रांगेमागे गेले. तिथं एकीची बकरी नुकतीच व्याली होती. हा कुटाराच्या भुशात पिल्लाला पोटाशी घेऊन झोपलेला. मी जोरात ओरडले आणि तिथंच त्याच्याजवळ बसले. ह्याचे वडील ड्यूटी सोडून धावत आले, त्यांनी उचलून खांद्यावर घेतला. हा जागा झाला तो खांद्यावर. त्याला वाटतं, बाबांनीच शोधलं. तेच त्यानं सासूला सांगितलं, आणि सासूनं आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या.

ह्यांना म्हटलं, "तुम्ही तरी खरं सांगा ना त्याले."

"सापडला ना पोट्टा? मग झालं," हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. ह्यांचं काय जातंय? आयतं नाव ह्यांचं झालं होतं.

मुलाला सांगून त्याच्याकरवी वदवता आलं असतं. पण नाही. माझ्या नातीला मी सांगणार, माझ्या तोंडानं, तिच्या भाषेत. आणि ती विहीण मागं बसून ऐकेल.

घराजवळच एका कोचिंगच्या वरच्या खोलीत एक मुलगी स्पॅनिश शिकवायची. बाकीची सगळी नोकरीसाठी शिकणारी पोरं, आणि मधे मी, पाण्याची बाटली आणि चष्म्याची डबी घेऊन. 'मी खाते, मी जाते' इथवर मजेत चाललं. भूतकाळ आला आणि माझी पार दाणादाण उडाली. मी बोलले, तू बोललीस, तो बोलला, प्रत्येकाचं शेपूट वेगळं. 'मी गेले' आणि 'मी होते' या दोन्हींना मात्र एकच शब्द, फुई. एवढी मोठी भाषा, आणि इथं काय कंजूषपणा!

त्यात भूतकाळही एक नाही. एक घडून संपलेल्याचा आणि एक चालू असलेल्याचा. मास्तरीणबाई फळ्यावर रेघा मारमारून समजावत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, म्हणजे 'झोपला' आणि 'झोपून राहिला होता'. एवढंच ना?" पोरं हसली, पण त्या दिवसापासून दुसरा भूतकाळ माझा कधी चुकला नाही. नागपुरात जन्मल्याचा कुठं तरी फायदा.

पोळ्या लाटताना मी रूपं म्हणायची. पाढे म्हणावेत तसं, सुरात. हे विचारायचे, "काहून वं, कोणाले शिव्या देऊन राहिली?"

"तुमच्या इहीनले," मी म्हणायची. खोटं कशाला बोलू? 'मला सापडला', एनकोन्त्रे, हा शब्द म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर प्रत्येक वेळी तिचंच तोंड यायचं, पडलेलं.

अखेर एका रविवारी दुपारी मी बसले. तिकडे सकाळ. नात टेबलाशी, मागं विहीणबाई चक्क केस सेट करून कॉफी पीत होत्या. मी सुरू केलं. तुझा पप्पा लहान होता. गरम होतं. तो हरवला. आम्ही शोधलं. एकही रूप चुकलं नाही. पण पोरगी गप्प! नुसती डोळे मोठे करून बघत होती. आता आमच्यात गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणायचं असतं. हूं थांबला की समजायचं, पोर झोपलं नाहीतर कंटाळलं. मग सांगणाराही थांबतो. माझ्या आईनं तसंच केलं, मीही पोराशी तसंच केलं. इथं एक हूं नाही. मी राखेच्या तलावापर्यंत आले, थांबले, वाट पाहिली. पोरगी शांत. मागं विहीणबाई कॉफी पीतच. तिच्या गोष्टीला ही पोरगी अशीच दगडासारखी बसते का? नाही, मला ठाऊक होतं, तिथं खिदळते.

"बास," मी म्हटलं, आणि फोन ह्यांच्या हातात देऊन आत निघून गेले. कांदे चिरायला घेतले, म्हणजे डोळ्यांना कारण झालं.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन. "काय केलं वं तू आई? पोरगी कालपासून माझा हात सोडून नाही राहिली. पप्पा तलावात पडला का, म्हणते."

"मग हूं काहून नाही म्हटलं तिनं?"

"तिकडे शाळेत शिकवतात, गोष्ट चालू असली की तोंड बंद. ती जीव लावून ऐकून राहिली होती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, "तुह्या सासूनं सांगून टाकायचं ना पुढचं. तिले तर येते गोष्ट."

"पोरीनं विचारलं तिले. ती म्हणाली, ही त्या आजीची गोष्ट आहे, तीच पुरी करेल."

आता सांगा, हे मी काय करू? भात चांगला, गुडघे चांगले, आणि वर मनही मोठं. मी तिच्या जागी असते तर सांगून मोकळी झाले असते, आणि ते तिला ठाऊक असणार असंही मला वाटलं. त्या दिवशी मी तिच्यावर जळले तशी आधी कधी जळले नव्हते.

मुलानं तेव्हाच फोन नातीकडे दिला. मी राखेच्या तलावापासून पुढं सांगितलं. बकरी सांगितली, कुटार सांगितलं, पिल्लू सांगितलं. तो झोपून राहिला होता. आणि मग छातीवर हात ठेवून, सावकाश म्हटलं, "यो लो एनकोन्त्रे." मला सापडला तो. मला.

पोरगी ओरडलीच. टाळ्या वाजवल्या, फोन टेबलावर टाकला आणि पळाली. माझ्यासमोर त्यांचं पांढरं छत. पलीकडून तिचा आवाज येत होता, धापा टाकत माझी सगळी गोष्ट विहिणीला सांगत होती. बकरीपर्यंत आली, पिल्लापर्यंत आली. सापडला, आजीला सापडला!

"मला?" विहिणीनं हसत, लाडानं विचारलं.

"तुला नाही गं," नात म्हणाली. "फोनमधल्या आजीला."

स्पॅनिशमध्येच म्हणाली. मला आता सगळं समजतं.